कांजीचे लंगोट

‘नीज रे पैलवाना, आखाडा झाला बंद,
दिवा मावळून गेला, आभायी निजला चंद.’

भिंतीपलीकडून येणारा तो आवाज पुरुषाचा होता, जाडाभरडा, ज्वारीच्या कण्यांसारखा. सुराचा नि त्याचा काही संबंध नव्हता. पाळणा म्हणायचा आवाजच नव्हता तो. शड्डू ठोकून समोरच्याला हाक द्यायचा आवाज होता, आणि त्याला कुणीतरी मुसक्या बांधून हळू बोलायला लावलं होतं. मनकर्णाबाई तेव्हा कोवळी बाळंतीण, अंग तापानं फुललेलं, बाजेखाली शेगडी. तिला एवढंच कळलं होतं की भिंतीच्या त्या अंगाला कुणीतरी तिच्या लेकराला निजवतंय, आणि ते कुणीतरी ती नाही.

इतक्या वर्षांनी तो आवाज आज सकाळी पुन्हा कानात शिरला. आणि शिरला तो कधी, तर स्वयंपाकघराचं दार लोटून, मांडीवर वरवंटा घेऊन, त्या वरवंट्याला लंगोट बांधायचा यत्न चालला असताना.

वरवंटा रडत नव्हता, पाय झाडत नव्हता, पाणी सोडत नव्हता. तरी लंगोट सुटून पाट्यावर पडला. मनकर्णाबाईनं दुसऱ्यांदा बांधला. वरवंट्याला कंबर नसते, तेवढं एक बरं होतं, दोष द्यायला जागा होती.

“काय वं मनकर्णाबाई,” दार ढकलून शेजारची शालूबाई विरजण मागायला आत आली ती तशीच उभी राहिली, “वरवंट्याले काऊन नेसवून राह्यली?”

“बारशाचा हाये तो. पुसून-पासून ठेवते.”

“बारसं तर खामगावले झालं नं?”

“तिथलं तिथं झालं. आपल्या घरचा मान राह्यला.”

शालूबाईनं वरवंट्याकडे बराच वेळ कौतुकानं पाहिलं. “बरं असते बाई वरवंट्याचं,” ती म्हणाली, “मुतत नाही.” आणि वाटीभर विरजण घेऊन गेली. आता दुपारपर्यंत वडनेरच्या दोन्ही गल्ल्यांत हा वरवंटा फिरून येणार होता.

मनकर्णाबाईनं लंगोट सोडवून घडी घातली. घडी तिला सुरेख येत असे. शिवणही येत असे. एकेक लंगोट तिनं स्वतःच्या हातानं, जुन्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या लुगड्याचा शिवला होता, कडेला बंद लावून. येत नव्हतं ते फक्त बांधणं. आणि ही गोष्ट या घरात तिच्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक होती.

सगळा घोळ तिच्या जिभेनं केला होता. गेल्या आठवड्यात सून शरयू बाळंतपण आटोपून खामगावहून बाळाला घेऊन आली. शरयूचे वडील तिथे कापसाच्या अडतीत कारकून. घर शहरी, टापटिपीचं. तिच्या आईनं, अन्नपूर्णाबाईनं, लेकीबरोबर पांढऱ्याशुभ्र चौकोनी फडक्यांची चळत दिली होती, मेणकापड दिलं होतं, आणि एका डबीत चकचकीत सेफ्टी पिना. फडकं तिरकं दुमडायचं, पुढं आणायचं, पिन लावायची. शरयूनं बाजेवर बाळाला ठेवून करून दाखवलं तेव्हा मनकर्णाबाईला ते फार आवडलं. पण ओसरीवर शालूबाई बसली होती, आणखी दोघी बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर खामगावची तारीफ करायची म्हणजे वडनेरनं हार खाणं.

“आमच्या घरात पोराच्या अंगाजवळ टोकदार काही नसते,” ती म्हणाली. “आमचा बंदाचा लंगोट. तीन टोकं अन् एक माया. याच्या बापाले मी तसाच वाढवला.”

बायकांनी माना डोलावल्या. शरयूनं निमूट पिनांची डबी तिच्या हाती दिली. “मग आत्याबाई, तुम्हीच दाखवा बांधून,” ती म्हणाली, आणि ते तिनं इतक्या खऱ्या श्रद्धेनं म्हटलं की मनकर्णाबाई दुधाकडे पाहायला म्हणून आत पळाली.

तेव्हापासून बाळ ओलं झालं की मनकर्णाबाईचं दूध उतू जायचं. नाहीतर गाय सुटलेली असायची. नाहीतर देवापुढचा दिवा शांत झालेला दिसायचा. शेवटी शरयूनं आपल्या मनानं बांधायला सुरुवात केली. बापाच्या अडतीत लहानपणापासून रुईच्या गठाणी पाहिलेल्या. तिनं बाळाची गठाण बांधली, आडवी-उभी, वर निरगाठ. ती गाठ सोडवेपर्यंत बाळ दुसऱ्यांदा ओलं होई.

हे एवढ्यावर निभलं असतं. पण भगवानरावांना सुनेची दया आली.

मनकर्णाबाईचे मालक भगवानराव यंदा नव्या पंचायत समितीवर निवडून आले होते. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात ‘सोय’ हा शब्द फार येई. “सुनबाईच्या हाताले सोडा लागून राह्यला,” ते एका सकाळी म्हणाले, “तिची काहीतरी सोय कराले पाह्यजे.” आणि त्यांनी लंगोटांचा ढीग आपल्या धोतरांबरोबर सहदेव परटाकडे धाडून दिला. सहदेवाला निवडणुकीपासून कायमचा हुकूम होता, मालकाच्या घरून जे येईल त्याला कडक कांजी. त्यानं इमानानं कांजी दिली. नीळ दिली. इस्तरी दिली. संध्याकाळी लंगोट घरी आले ते फिक्या निळ्या रंगाचे, पापडासारखे, आणि बाजेवर ठेवले तर आपल्या पायावर उभे राहणारे.

दुसऱ्या दिवशी पहाटे समितीच्या बैठकीला निघताना भगवानरावांनी त्यातलाच एक अंधारात टोपी समजून डोक्यावर चढवला. उंबऱ्यात बसलेल्या निवृत्तीनं मान वर केली.

“दादा,” तो म्हणाला, “बंद लोंबून राह्यले.”

आठवडाभरात निवृत्ती बोललेला तेवढाच शब्द. भगवानरावांचा हा धाकटा भाऊ एकेकाळचा नाव काढलेला पैलवान. आता केस पांढरे झाले होते, पण खांदे अजून दारात मावत नसत. लग्न केलं नाही. गाव त्याला ‘लंगोटाचा पक्का’ म्हणे, आधी कौतुकानं, मग सवयीनं. तो मळ्यात राहायचा, दोन वेळ जेवायला घरी यायचा आणि उंबऱ्यात बसायचा, घराकडे पाठ करून. बाळ आल्यापासून तर त्यानं एकदाही मान वळवली नव्हती. बाळ रडलं की त्याची पाठ जराशी ताठ होई, एवढंच.

“काकांना बाळ आवडत नाही का हो?” शरयूनं एकदा विचारलं होतं.

“त्याइचं तसंच असते,” मनकर्णाबाई म्हणाली होती, आणि त्याही वेळी दूध उतू गेलं होतं.

कांजीचे लंगोट शरयूनं भीतभीत वापरले. सासऱ्यांनी एवढी सोय केली, नाही कसं म्हणायचं? दोन दिवसांत बाळाचं ढुंगण डाळिंबासारखं लाल झालं. तिनं नवऱ्याला सांगितलं. चिंतामण गावच्या शाळेत मास्तर, आईचा एकुलता एक लेक, मनानं सरळ आणि अंगानं काडी. शाळेच्या कामानं काल खामगावला गेला तेव्हा सासुरवाडीत जेवता जेवता, वरणभात कालवता कालवता, त्यानं सारं सासूला सांगून टाकलं. सांगताना तो हसलाही. त्याला ती गंमत वाटली होती.

अन्नपूर्णाबाईला वाटली नाही. आज दुपारच्या मोटारीनं ती वडनेरला उतरली.

हातात रिकामी पिशवी होती. ती रिकामी पिशवी पाहूनच मनकर्णाबाईला उमगलं. भरली पिशवी घेऊन येते ती पाहुणी. रिकामी घेऊन येते ती न्यायला येते.

“या ईनबाई. पाय धुवा. चहा टाकते.”

“चहा नंतर. आधी बाळाला पाहू द्या.”

ओसरीवर बाज होती, बाजेवर बाळ. अन्नपूर्णाबाईनं दुपटं बाजूला केलं, गठाणीची गाठ सोडवायला लागली. गाठ सुटेना. तिनं लेकीकडे पाहिलं, लेकीनं जमिनीकडे. शेवटी दातानं गाठ सोडवून तिनं लंगोट काढला आणि बाजेच्या कडेला ठेवला. तो उभा राहिला.

“ईनबाई,” अन्नपूर्णाबाई म्हणाली, “हे काय आहे?”

“लंगोट.”

“मला वाटलं द्रोण.”

भगवानराव घाईघाईनं पुढे झाले. “ते काय जी, आमचा परीट लय इमानी माणूस हाये. त्याले म्हटलं एक, की तो...”

“तुमच्या परटानं बाळाची साल काढली, ईवाई.” तिनं बाळाला हलकेच कुशीवर वळवून दाखवलं. “हे पाहा. सांगा मला, हे बसणार कशावर?”

भगवानरावांनी पाहिलं आणि टोपी काढली. ही खरी टोपी होती.

“माझं म्हणणं ऐका,” अन्नपूर्णाबाई बाजेवर बसली. बाईनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. “माझी तुमच्याशी काही तक्रार नाही. घर मोठं, माणसं मायेची. पण तान्ह्या लेकराचं काम मायेनं होत नाही, हातानं होतं. कातडी बरी होईपर्यंत दोघांना घेऊन जाते. पोर बसायला लागलं की पाठवते.”

बसायला लागलं की. मनकर्णाबाईनं मनात महिने मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. पोर बसायला लागेपर्यंत माणसं ओळखायला लागतं. ज्याचा हात ओला लंगोट काढतो, ज्याच्या अंगाचा वास दुपट्याला येतो, त्याच्याकडे पाहून पहिलं हसतं. मग ते परत येतं, आणि आजी हात पुढे करते, आणि ते तोंड फिरवतं. तिला ठाऊक होतं, ते तोंड कसं फिरतं ते. एकदा तिनं ते सोसलं होतं. दुसऱ्यांदा सोसायला तिच्या अंगात जागा नव्हती.

“नेऊ नका,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

“अहो पण...”

“मी पाहीन त्याचं. मी बांधीन लंगोट. आजपासून मीच.”

“आई, हे कशाले?” चिंतामण शाळेतून आला होता, सायकल भिंतीला टेकवत म्हणाला. सासूला बघून त्याला आपण केलेल्या गमतीची किंमत कळली होती, आणि आता तो भरपाई करायला धावला. “मामी, माह्या आईले तुम्ही ओळखलं नाही. मले तिनं आजारपणातून उठून वाढवलं. माही आजी तानुबाई, तिचे हात वातानं आखडलेले. सारं हिनंच केलं. माहा एक लंगोट कधी सुटला नाही, असं गाव सांगते. सांगते नं, आई?”

मनकर्णाबाईनं बाळाचं दुपटं सारखं केलं. उंबऱ्यातली पाठ हलली नाही.

गाव सांगत होतं, हे खरं. गावाला तानुबाईनंच तसं सांगितलं होतं. सून तापानं वर्षभर अंथरुणाला खिळलेली, आपले हात लाकडासारखे, घरात तिसरी बाई नाही. तेव्हा त्या सासूनं धाकट्या लेकाला, नुकत्याच मिसरूड फुटलेल्या पैलवानाला, लेकराजवळ बसवलं होतं. ‘आखाड्यात बांधतोस नं लंगोट? तसाच बांध. पण आवळू नको.’ तो बांधायचा, आणि पहाटे गाव उठायच्या आत ओढ्यावर जाऊन धुऊन आणायचा. ही गोष्ट बाहेर कळली असती तर आखाड्यात त्याला कुणी तोंड दाखवू दिलं नसतं. म्हणून घरानं ओठ शिवले; तेव्हा परगावी नोकरीला असलेल्या भगवानरावांनाही कळू दिलं नाही. त्याची लाज राखायला शिवलेले ते ओठ पुढे मनकर्णाबाईनं स्वतःची लाज राखायला तसेच राहू दिले. तानुबाई गेली. गावानं सारं श्रेय कायमचं आईच्या नावावर लावलं. तिनं ते मागितलं नव्हतं. परतही केलं नव्हतं.

अन्नपूर्णाबाईनं जावयाकडे पाहिलं, मग विहिणीकडे. बाई न्यायी होती. “असं असेल तर माझं काय म्हणणं आहे? माझ्यासमोर एकदा बांधा, ईनबाई. मी चहा घेईपर्यंत तो राहिला, तर मी चहा पिऊन एकटी मोटारीत बसते. नाही राहिला, तर तिघं जाऊ.”

“मंजूर,” भगवानराव म्हणाले. समितीत बसल्यापासून त्यांना मंजूर म्हणायची संधी सोडवत नसे.

जुन्या लुगड्याचा एक लंगोट सहदेवाच्या तावडीतून वाचला होता. शरयूनं तो आणला. बाळाला खोबरेल लावलं. शालूबाई वाटी परत करायला म्हणून आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. वरवंट्याचं पुढे काय झालं ते पाहायला मिळणार होतं.

मनकर्णाबाई मांडी घालून बसली. बाळाला मांडीवर घेतलं. बाळानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

तिनं लंगोट खाली सारला. एक टोक इकडे आलं, एक तिकडे, तिसरं कुठे गेलं कळेना. बाळानं पाय झाडला. तिनं घाईनं बंद ओढून गाठ मारली. बाळ रडत होतं तोवर लंगोट छान बसला. रडणं थांबवायला तिनं त्याला उचलून खांद्याशी घेतलं, बाळ गप्प झालं, आणि लंगोट कंबरेवरून सरकत, गुडघ्यावरून, सावकाश, जमिनीवर पडला. पाठोपाठ बाळानं तिच्या खांद्यावरून धार सोडली. ती थेट भगवानरावांच्या मांडीपर्यंत गेली.

“चहा तर अजून उकळला नाही,” शालूबाई म्हणाली.

“उतावीळपणा करू नका,” भगवानराव धोतर झटकत म्हणाले. “पहिल्या वाचनात ठराव पास होत नसते.”

दुसऱ्यांदा बांधला. आता तिनं तो घट्ट बांधला, आणि बाळ जांभळं होऊन रडायला लागलं तशी भीतीनं सोडून टाकला. अन्नपूर्णाबाईनं रिकामी पिशवी मांडीवर घेतली आणि तिचे कान सरळ केले.

“सवय राह्यली नाही तिची,” चिंतामण पुटपुटला. “किती वर्षं झाली.”

मनकर्णाबाईनं तिसऱ्यांदा लंगोट उचलला. बंद दिसत नव्हते; डोळ्यांत पाणी आलं की सगळीच टोकं सारखी दिसतात.

“वहिनी.”

उंबऱ्यातून आवाज आला. जाडाभरडा, कण्यांचा. निवृत्ती तसाच बसला होता, घराकडे पाठ करून, समोरच्या कडुनिंबाकडे पाहत.

“थांबा जरासं. त्याले रडून होऊ द्या.”

सगळे थांबले. बाळ रडून रडून हुंदक्यावर आलं, मग हुंदकाही विरला.

“रडते तवा पोट फुगलेलं असते. तवा बांधली गाठ मागून ढिली होते,” तो कडुनिंबाला सांगत होता. “पैलवान श्वास भरून उभा असला, तर त्याची कंबर कोणी बांधत नाही. आता त्यानं श्वास सोडला. आता घ्या. रुंद बाजू कमरेखाली. निमुळतं टोक पायाकडे.”

मनकर्णाबाईनं घेतलं.

“ते टोक पायातून वर आणा. बेंबीच्या खाली थांबा. वर गेलं तर काचते. आता डावा बंद त्या टोकावरून. उजवा त्याच्यावरून. ओढू नका.”

“गाठ?”

“आधी तुमचं बोट घाला आत. करंगळीजवळचं नाही, जाड बोट. आता त्या बोटावर गाठ. सरकफास. गाठ मधात नाही, बाजूले. पालथं पडलं तर पोटात रुतते.”

शरयूचे डोळे मोठे होत गेले. अन्नपूर्णाबाई पुढे वाकली. तो माणूस पाहत नव्हता, एकदाही मान वळवली नव्हती, पण वहिनीचा हात कुठे अडखळला ते त्याला नुसत्या श्वासावरून कळत होतं.

“आता बोट काढा. बोटाएवढी जी जागा राह्यली, ती त्याची. झालं.”

मनकर्णाबाईनं बाळाला उचललं. खांद्याशी घेतलं. लंगोट बाळाच्या अंगाबरोबर वर आला, जसा काही जन्मताच तिथे होता. बाळानं पाय झाडले. लंगोट राहिला. बाळानं तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि उसासा सोडला.

चहा आला. अन्नपूर्णाबाईनं बशीत ओतून सावकाश प्यायला. रिकामी बशी खाली ठेवून तिनं बाळाच्या कंबरेला हात लावून पाहिला, बोट आत घालून पाहिलं, आणि मान डोलावली.

“राहिला,” ती म्हणाली. “पिनेनं असा बसत नाही. मला शिकून घ्यायला हवं.” मग हसून उंबऱ्याकडे पाहिलं. “पण यांना कसं हो हे सारं माहीत?”

“लंगोटाचा पक्का हाये तो,” भगवानराव म्हणाले, आणि ओसरी इतकी हसली की कडुनिंबावरचं साळुंक्यांचं जोडपं उडालं. शालूबाईला ठसका लागला. “जन्मभर बांधला, दुसरं केलं काय त्यानं?”

“अन् हात आईचाच होता,” चिंतामण अभिमानानं म्हणाला. “काकानं नुसती आठवण देली. माह्या येळचा हात, तो काय विसरते? मी म्हटलंच होतं मामी तुमाले.”

“खरंच हो,” अन्नपूर्णाबाई म्हणाली. “हात विसरत नाही. ईनबाई, बाळ ठेवा तुमच्याचजवळ. फक्त त्या परटाला आवरा.” तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली आणि ती काखेत मारली.

झालं. मनकर्णाबाईला हवं होतं ते सारं मिळालं होतं. बाळ तिच्या खांद्यावर होतं, तिथेच राहणार होतं. गावात तिचा हात आता दोनदा नावाजला जाणार होता, एकदा लेकासाठी, एकदा नातवासाठी. तिनं करायचं होतं ते एवढंच, की थोडं लाजून हसायचं आणि विहिणीला हळदकुंकू लावायचं. करंडा समोर होता.

तिनं करंड्याकडे हात नेला आणि तिची नजर उंबऱ्याकडे गेली.

निवृत्ती उठला होता, मळ्याकडे निघायच्या बेतात. पाठमोराच. खांद्यावरच्या शेल्याचं टोक त्यानं हातात धरलं होतं आणि तो ते सोडवत होता. सांगता सांगता त्याच्या बोटांनी मांडीवर, कोणाला न दिसता, शेल्याच्या टोकाचा इवलासा लंगोट बांधला होता. बरोबर बाजूला गाठ. सरकफास. त्यानं ती गाठ एका झटक्यात ओढली असती तर सुटली असती. तो झटका देत नव्हता. झोपलेल्याचं सोडवावं तशी, हलक्या हातानं, सोडवत होता.

“भाऊजी,” मनकर्णाबाई म्हणाली. “थांबा.”

तो थांबला. वळला नाही.

“इकडे तोंड करा.”

“राहू द्या वहिनी. मले मनाई हाये.”

“मनाई?” भगवानराव म्हणाले. “कोणाची मनाई बे?”

“तसंच काहीतरी, दादा. पैलवानाचा हात जड असते.”

त्यानं आताही तिला वाचवलं. दार उघडं होतं, तिनं नुसतं गप्प राहून त्यातून निघून जायचं होतं. बाळ मानेत श्वास सोडत होतं, गरम, दुधाच्या वासाचा. मनकर्णाबाई उठली. करंडा राहिला. ती ओसरी ओलांडून उंबऱ्यापर्यंत गेली, त्या रुंद पाठीमागे उभी राहिली आणि आधी लेकाकडे वळली.

“चिंतामण, हा माहा हात नाही. तुह्या एकाही लंगोटाची गाठ मी बांधली नाही. मी तापात पडली होती अन् तुही आजी लुळी. बांधले ते याइनं. ओढ्यावर नेऊन धुतले तेही याइनंच, अंधारात, कोणाले दिसू नये म्हून. तुले निजवलं याइनं. मी भिंतीपलीकडून ऐकलं.”

चिंतामण काकाच्या पाठीकडे पाहत राहिला. शरयूनं पदर तोंडाला लावला. शालूबाई पहिल्यांदाच खांब सोडून सरळ उभी राहिली.

“वहिनी, जाऊ द्या नं,” निवृत्ती म्हणाला.

“नाही जाऊ देत. उठली मी बाजेवरून तवा हे पोरगं तुमच्या गळ्याले मिठी मारून बसलं होतं. मी हात केले तर मले पाहून रडलं. मी ते हिसकून घेतलं अन् तुमाले म्हटलं, आजपासून याले हात लावू नका. तुम्ही बिछाना घेऊन मळ्यात गेले. जाता जाता इचारलं होतं तुम्ही, वहिनी, माहं काय चुकलं. मी उत्तर नाही देलं.”

तो आता वळला होता. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्याचं तोंड घराकडे होतं, आणि हात, ते दारात न मावणाऱ्या खांद्यांचे हात, दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते. मनकर्णाबाईनं खांद्यावरचं बाळ उतरवून त्या हातांपुढे धरलं.

“तुमचं काहीच चुकलं नव्हतं, भाऊजी. ते तुमच्याजवळ हसे, एवढंच होतं. घ्या याले.”